रकान्यात न मावलेली प्रार्थना

पुणे-सातारा रस्त्यावरून चेलाडीच्या फाट्याला वळले की नसरापूर लागते आणि तिथून पुढे वेल्ह्याचा, म्हणजे राजगड-तोरण्याचा रस्ता सुरू होतो. नसरापूरजवळच्या झाडीत बनेश्वराचे देऊळ आहे. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी ते बांधले. या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधून ज्या घंटा देशावर आल्या त्यांतली ही एक. अशा घंटा भीमाशंकरला आहेत, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहेत, वाईजवळ मेणवलीलाही आहेत.

या घंटांवर आजवर बरेच लिहून झाले आहे, आणि ते बहुतेक वसईच्या विजयाच्या अंगाने. ते योग्यच आहे. मला मात्र भोर-वेल्ह्याकडचा ख्रिस्ती इतिहास चाळताना वेगळाच प्रश्न पडत गेला. घंटा गेल्या, त्यानंतर तिकडच्या ख्रिस्ती माणसांच्या प्रार्थनेचे काय झाले? पोर्तुगीज सत्ता गेली, बहुतेक युरोपीय पाद्रीही गोव्याकडे निघून गेले. ज्यांनी बाप्तिस्मा दिला तेच उरले नाहीत. सत्तेच्या धाकाने किंवा लाभाने धरलेली श्रद्धा असती, तर ती त्या दिवशी सुटायला हरकत नव्हती. ती सुटली नाही. वसईच्या गावांत आजही संध्याकाळी घराघरांत रोझरीची माळ फिरते आणि घरातले बोलणे त्यांच्या स्वतःच्या बोलीत चालते. घंटा बोलावते, प्रार्थना करणारा मात्र तिच्यावाचूनही गुडघे टेकतो.

त्यातून या लेखाचा विषय निघाला. माणसाची श्रद्धा किती खोल आहे हे त्याच्या प्रार्थनेवरून कळते, असे ख्रिस्ती धर्मोपदेशक नेहमी सांगतात. त्यांच्यासाठी तो उपदेशाचा विषय आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तेच पुरावा म्हणून वापरता येईल का?

मोजणीचा इतिहास

नसरापूरचा ख्रिस्ती धर्माशी दुसराही संबंध आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. १८९३ मध्ये चार्ल्स रीव्ह यांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांना घेऊन ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ सुरू केले. शहरे इतरांनी धरली होती. यांनी खेडी धरली. पुण्याच्या दक्षिणेला, पंत सचिवांच्या भोर संस्थानाच्या मुलखात त्यांचा वावर होता आणि नसरापूर हे त्यांचे एक मुख्य ठाणे होते. पुढे १९६८ मध्ये हे मिशन दुसऱ्या एका मिशनमध्ये विलीन झाले आणि १९८९ मध्ये त्याहून मोठ्या संस्थेत मिसळून गेले. आज या भागात ख्रिस्ती वस्ती तुरळकच आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरीत हिशेबाची पुस्तके तपासण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे कोणताही जुना अहवाल हाती आला की माझी नजर आधी रकान्यांकडे जाते. त्या काळच्या मिशनांचे वार्षिक अहवाल, विशेषतः नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे, या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. मंडळ्या किती, बाप्तिस्मे किती, शाळा किती, शाळांतली मुले किती, वर्गणी किती जमली, सगळ्याला रकाना आहे. प्रार्थनेला नाही. तो असणारही कसा म्हणा! पण त्याचा परिणाम असा झाला की महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास त्याच्या मित्रांनी आणि टीकाकारांनीही याच रकान्यांवरून लिहिला. मित्रांनी आकडे वाढले म्हणून श्रद्धा वाढली असे धरले. टीकाकारांनी आकडे दुष्काळात वाढले, म्हणून श्रद्धा खोटी असे धरले. दोघांची फूटपट्टी एकच होती: बाप्तिस्म्याची तारीख.

ही फूटपट्टी किती तोकडी आहे हे मराठी ख्रिस्ती माणसांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे स्पष्ट सांगितले आहे. अहवालाच्या रकान्यात रमाबाई १८८३ मध्येच जमा झाल्या होत्या. मधली आठ वर्षे कोणत्या रकान्यात मांडायची?

ती वर्षे मांडायची तर प्रार्थनेकडे वळावे लागते. मला तिथे तीन गोष्टी पाहाव्याशा वाटतात: प्रार्थनेची भाषा, तिच्यातले मागणे, आणि तिच्यानंतरचे वागणे.

कोणाच्या भाषेत?

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार. त्या ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या जन्माचे कारण आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पाद्रींनी नेमून दिलेल्या प्रार्थना पाठ होत होत्या. पण जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी मन रमेल असे काही हाती आले नव्हते. तेव्हा एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला म्हणतो, आमच्या भाषेत असे काही पुराण द्याल तर फार बरे होईल. या मागणीतच सारे आले. पाठ केलेली प्रार्थना तोंडात होती. ती मनात उतरायला ओवी हवी होती. हे स्टीफन्सला कळले, म्हणून त्याचा ग्रंथ लोकांनी हाताने नकलून घेत पिढ्यान्‌पिढ्या जपला. छापील जुन्या आवृत्तीची एकही प्रत उरली नाही, ग्रंथ मात्र उरला. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तो हस्तलिखितांच्या आधारे.

सत्तेला हे कळले नाही. १६८४ मध्ये, म्हणजे बनेश्वराच्या घंटेवर जे साल आहे त्याच्या दुसऱ्याच वर्षी, गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. हुकुमाने घरातली भाषा गेली नाही. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लोकभाषेत करण्याची अधिकृत वाट पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये मोकळी केली. त्याआधीची साडेतीनशे वर्षे मराठी-कोकणी माणूस चर्चमध्ये लॅटिन ऐकत होता आणि घरी आपल्या बोलीत देवाशी बोलत होता.

रमाबाईंना हा प्रश्न वाँटेजमध्येच पडला होता. तिथल्या मठातल्या भगिनी वापरत त्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आपण तसा क्रूस घालायचा, तर त्यावर लॅटिनच का, संस्कृत का नको, असे त्यांनी पत्रातून रोखठोक विचारले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, त्यात हा वाद सविस्तर आहे. तो वाचताना एक गोष्ट जाणवते. रमाबाई श्रद्धेत कच्च्या होत्या म्हणून वाद घालत नव्हत्या. उलट, न कळणाऱ्या अक्षरांपुढे मान तुकवणे त्यांना श्रद्धेशी प्रतारणा वाटत होते. त्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. हेतू हा की शाळेत फार न शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे.

मराठी प्रार्थनेतला एक शब्द तर आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याकडे लक्षच जात नाही. तो शब्द ‘तू’. मराठी ख्रिस्ती माणूस देवाला ‘तू’ म्हणतो. मराठीत वडीलधाऱ्याला, साहेबाला, पाहुण्याला ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’; ‘तू’ फक्त आईला, लेकराला, मित्राला आणि देवाला. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात ते याच ‘तू’मध्ये. परक्या देशातून आलेला देव मराठीत आला आणि पहिल्याच वाक्यात घरचा झाला, तो या एका अक्षराने. नारायण वामन टिळकांनी हे नेमके ओळखले होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते म्हणत. अभंग, पद, कीर्तन, आरती या साऱ्यांतून त्यांनी प्रार्थना रचल्या, आणि मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी टिळकांच्या आधीच कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला.

काय मागितले?

आता दुसरी खूण, आणि ती अवघड आहे. कारण इथे टीकाकारांचा मुख्य आक्षेप उभा राहतो. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, नंतर १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० चा. या वर्षांत नगर जिल्ह्यात आणि इतरत्र बाप्तिस्म्यांचे आकडे चढले. ख्रिस्ती होणाऱ्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले, गावकुसाबाहेरचे. लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, असे तेव्हापासून म्हटले जाते, आणि आजही धर्मांतराची चर्चा निघाली की हेच वाक्य पुढे येते.

यात खोटे किती आणि खरे किती, हे मी आकड्यांवरून सांगणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की भाकरी मागणे म्हणजे उथळ श्रद्धा, हे समीकरण ख्रिस्ती प्रार्थनेलाच मान्य नाही. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, जी प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते, तिच्या मधोमध रोजची भाकर मागितली आहे. उद्याची साठवण नव्हे, आजची भाकर. आणि ती ‘माझी’ नाही, ‘आमची’ आहे. उपाशी माणसाने ती प्रार्थना म्हटली, तर तो तिच्या बाहेर नाही, अगदी आत उभा असतो. पोट भरलेल्यालाच ते वाक्य म्हणताना विचार करावा लागतो. आपल्या वारकरी परंपरेतले पसायदानही विश्वासाठी मागितलेले आहे. एकट्यासाठी मागणे आणि सगळ्यांसाठी मागणे यांतला फरक मराठी कानाला नवा नव्हता.

मागणे एका माणसाच्या आयुष्यात कसे बदलत जाते, याचा नकाशाही रमाबाईंच्या चरित्रात काढता येतो. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले, ते अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते म्हणून. ती मुदत १८९८ च्या सुमारास संपत आली. तोवर दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तीत आल्या होत्या. ठरलेल्या मदतीचा भरवसा आता नव्हता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने अनाथालय जसे चालवले, तसे, म्हणजे गरज आधी देवाला सांगायची आणि काम थांबवायचे नाही, हा मार्ग त्यांनी धरला. रीव्ह यांचे गावोगावचे मिशनही याच जातीचे होते: ठरावीक पगाराची हमी नाही, गरजेसाठी भरवसा प्रार्थनेवर. हिशेब तपासणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना धडकी भरते. जमेची खात्री नसताना शेकडो ताटांचा खर्च अंगावर घेणे ही प्रार्थनेची केवढी कसोटी!

आणि शेवटचे मागणे. जुलै १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा गेली. स्वतः रमाबाई खंगल्या होत्या आणि बायबलच्या भाषांतराची मुद्रिते तपासायची बाकी होती. त्यांनी देवाकडे आणखी फक्त दहा दिवस मागितले, असे मुक्तीच्या परंपरेत सांगतात. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच गेल्या. दिवसांचा हिशेब कोणी काटेकोर तपासला असेल-नसेल. ही आठवण जपणाऱ्यांना त्यात काय मोलाचे वाटले, ते पाहावे. लेक गेलेल्या आईने आयुष्य मागितले नाही, मुद्रिते पुरी होण्यापुरते दिवस मागितले.

प्रार्थनेनंतर

तिसरी खूण वागण्याची. १९०५ च्या जून अखेरीस मुक्तीत जे घडले, ते जगभर गाजले. त्या वर्षाच्या आरंभापासून मुली गटाने रोज प्रार्थनेला जमत होत्या. मग एका रात्री एकीला अनुभव आला आणि पाहता पाहता शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपली पापे बोलून दाखवू लागल्या. कोणी त्याला दैवी म्हटले, कोणी उन्माद. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. मला तो गोंगाट कोणत्याच बाजूचा पुरावा वाटत नाही. आवाजावरून खोली ठरत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही आपलीच म्हण आहे. पुरावा पुढच्या वर्षांत आहे. त्याच मुक्तीत मुली शिकत राहिल्या, विणत राहिल्या, छापखान्यात खिळे जुळवत राहिल्या, आणि रमाबाईंचे बायबल तिथेच छापले गेले.

याच्या उलट टोकाला लक्ष्मीबाई टिळक. तिथे गाजावाजा काहीच नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत नवऱ्याकडे आल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपली चूल वेगळी, आपले पाणी वेगळे, सोवळे तसेच. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत आहे की त्यांच्यात पहिला बदल झाला तो पाण्याच्या हंड्याजवळ. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे मनाने घेतले आणि सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. कोणाच्याही हातचे पाणी प्यायला तयार झालेली बाई आधी, ख्रिस्ती बाई नंतर. पुढे त्यांच्या घरात किती पोरक्या मुलांची ताटे पडली, ते त्यांनी हसतहसत लिहिले आहे. टिळक गेले १९१९ मध्ये. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडले होते, जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. मला तर ती सलग चाललेली एक लांब प्रार्थनाच वाटते.

खुद्द टिळकांनी आयुष्याच्या शेवटी बाप्तिस्म्याची फूटपट्टी खाली ठेवली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनच्या मंडळींना हे पचणे कठीण होते. पण बावीस वर्षे ख्रिस्ती म्हणून जगून ते या निष्कर्षाला आले होते, हे विसरून चालणार नाही.

बंद दाराआड

या साऱ्याला एक कुंपण आहे, आणि ते अभ्यासकाने मानलेच पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितले आहे की प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घ्या. लूकच्या शुभवर्तमानात परूशी आणि जकातदार यांचा दाखला आहे: एकाची प्रार्थना घडीव आणि स्वतःच्या पुण्याची यादी वाचणारी, दुसऱ्याची एका वाक्याची, आणि देवाला पोचते ती दुसरी. म्हणजे आम्हाला कागदावर सापडते ती प्रार्थना कदाचित सर्वांत कमी महत्त्वाची असेल. जी खरी, ती दाराआड झाली आणि विरून गेली.

तरी दार कधी किलकिले होते. गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका घरात मी काही वर्षांपूर्वी प्रार्थनेला बसलो होतो. आलेल्या पाळकांनी शुद्ध, पुस्तकी मराठीत प्रार्थना केली. मग घरातल्या आजींची पाळी आली. त्यांनी ‘बापा’ म्हणून सुरुवात केली आणि एकेकाचे नाव घेत गेल्या. पोरगा, सून, नातवाची परीक्षा, व्यायला आलेली म्हैस. मग थोडे थांबून त्यांनी शेजारच्याचे नाव घेतले. त्याच्याशी या घराचा बांधावरून दावा चालू होता, हे मला त्याच दिवशी सकाळी त्यांच्या मुलाने रागारागाने सांगितले होते. आजी म्हणाल्या, त्याचे पोरगे पुण्याला दवाखान्यात आहे, त्याला बरे कर. मुलाने डोळे उघडून आईकडे पाहिले. पुन्हा मिटले. ‘आमेन’ मात्र सगळ्यांबरोबर म्हटले.

बांधाचे भांडण काय असते हे भोर-वेल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. दोन वीत जमिनीसाठी सख्खे भाऊ इथे मरणाला जात नाहीत. त्या पार्श्वभूमीवर त्या एका वाक्यात भाषा, मागणे आणि वागणे, तिन्ही खुणा एकत्र होत्या.

भोर, वेल्हे, पुरंदर, नगर, सोलापूर, इकडच्या ख्रिस्ती घरांतल्या जुन्या पिढीकडे अशा प्रार्थना आहेत, हाताने उतरवलेल्या भजनांच्या वह्या आहेत, पाठ असलेली कीर्तनातली आख्याने आहेत. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदया’च्या फायलींची कोणी ना कोणी काळजी घेईल. या वह्यांची घेणारे कोणी नाही. घर रंगवायला काढले की त्या रद्दीत जातात. नातवंडे पुण्यात इंग्रजीत प्रार्थना करतात, त्यात वाईट काही नाही. पण आजींचा ‘बापा’ आणि तो ‘तू’ नोंदवायचा तर आताच. ज्यांच्या परिचयात अशी घरे असतील, त्यांनी एक दुपार काढून जावे, परवानगी घेऊन बसावे, आणि ऐकू येईल ते लिहून घ्यावे.